शिकवणाऱ्या मुलींना आधी शिकवू या

आपल्या मुलाला इंग्रजी यावे असे वाटत नाही, असा आईबाप आज आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. बाप पिरंगुटला ठेकेदाराच्या हाताखाली असो, आई हिंजवडीच्या सोसायट्यांत धुणीभांडी करीत असो, पोर मात्र टायबूट घालून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसले पाहिजे, ही जिद्द घराघरात आहे. आमच्या मुळशी तालुक्यात तर ती जास्तच आहे. एका अंगाला धरण आणि ताम्हिणीचा घाट, दुसऱ्या अंगाला हिंजवडी-माणच्या संगणक कंपन्या. त्या कंपन्यांच्या फाटकावर आपली माणसे पहारेकरी म्हणून उभी राहतात आणि आत काय बोलले जाते ते त्यांना कळत नाही. आपल्या मुलाने त्या फाटकाच्या आत बसावे असे त्यांना वाटले, तर त्यात चूक काय?

पण जिद्द आहे म्हणून मूल वाचायला लागते असे नाही. विहारातल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मी हे अनेक वर्षे पाहते आहे. चौथीतला एक मुलगा. इंग्रजी पुस्तकातला अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवायचा. आईचा ऊर भरून यायचा. एकदा मी त्याच धड्यातला मधलाच एक शब्द बोटाने दाखवला आणि वाचायला सांगितले. मुलगा गप्प झाला. धडा त्याला पाठ होता, वाचता त्यातला एकही शब्द येत नव्हता. वही मात्र सुवाच्य अक्षरांनी भरलेली, पानापानावर बाईंची शाबासकी. ती माउली मला म्हणाली, “ताई, फीसाठी बचत गटाचं कर्ज काढलंय हो. मला वाचता येत नाही, मी कसं ओळखायचं?” तिच्या या प्रश्नाला उत्तर देणे हे आपल्या सगळ्यांचे काम आहे.

मूल मंद नसते. इंग्रजीची अडचण वेगळी आहे. मराठीत ‘क’चे नावही क आणि आवाजही क. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, यात फसवणूक नाही. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. ‘एच’ या नावात ‘ह’ कुठे आहे? ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ कुठे आहे? मूल ‘सी-ए-टी कॅट’ असे शंभर वेळा घोकते, पण सी, ए आणि टी जोडून कॅट होतच नाही. मग त्याच्यापुढे पाठांतर हा एकच मार्ग उरतो. पहिली-दुसरीत तो चालून जातो. पाचवीत धडे लांबतात, विज्ञान आणि इतिहासही इंग्रजीतून येतात, आणि मूल हळूहळू मागच्या बाकावर सरकते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे हा प्रश्न केवळ फी भरणाऱ्या घरांचा नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या लेकरांचाही आहे.

आपल्या वस्त्यांत बारावी झालेल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली शिकवण्या घेतात. त्यांची तळमळ मोठी. पण स्वतः जशा शिकल्या तशाच त्या शिकवतात. स्पेलिंग दहा वेळा लिहा, प्रश्नोत्तरे उतरवून घ्या. आणखी एक सवय म्हणजे इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार मराठीत लिहून देणे. मूल खालचे मराठी वाचते, वरच्या इंग्रजीकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून आम्ही ठरवले की मुलांच्या आधी या मुलींनाच बसवायचे. चार रविवार, विहारात, सकाळी वंदना झाल्यावर.

पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, “ताई, मला चार वाक्यं इंग्रजीत बोलता येत नाहीत, मी काय शिकवणार?” ही भीती सगळ्यांच्याच मनात होती. मी तिला म्हणाले, “फाडफाड बोलायचं नाहीये बाळा. लहान मुलाला वाचायला लावायचंय. त्याला रीत लागते, ती शिकता येते.”

रीत अशी. आधी अक्षराचा आवाज, नाव मागाहून. सुरुवातीला सहाच अक्षरे घ्यायची: एस, ए, टी, पी, आय, एन. एवढ्यांतून पिन, टिन, पॅन, टॅप, सिट, टिप असे कितीतरी शब्द होतात. मूल पहिल्या आठवड्यातच स्वतः जोडून शब्द वाचते आणि त्याचा चेहरा खुलतो. आवाज म्हणताना अक्षराचा पाय मोडायचा. ‘कअ-ॲ-टअ’ म्हटले तर कॅट होत नाही, ‘क्-ॲ-ट्’ म्हटले की होतो. आम्ही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर अक्षरे लिहून पत्ते केले. ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ असे काही शब्द या नियमात बसत नाहीत. ते थोडे थोडे नजरेने ओळखायला शिकवायचे, आणि ते बसत नाहीत हे मुलाला मोकळेपणी सांगायचे.

दुसरी गोष्ट अर्थाची. गोष्ट आधी मराठीत सांगायची, मग इंग्रजीत वाचायची. शिकवणीत मराठी बोलणे म्हणजे गुन्हा नव्हे. बस, कप, पेन, बेड हे शब्द मुलाच्या तोंडात आधीपासूनच असतात, तिथूनच सुरुवात करावी. तिसरी गोष्ट, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून अनोळखी ओळ वाचायला द्यायची आणि त्याला काय आले, काय अडले ते वहीत टिपून ठेवायचे. चौथी गोष्ट, कुणी ‘इस्कूल’ म्हणाले तर हसायचे नाही. हसण्याने तोंड मिटते, आणि मिटलेले तोंड उघडायला फार दिवस लागतात.

यात आम्ही नवे काही शोधून काढले नाही. सावित्रीमाई १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या. शिक्षिका होण्यासाठी त्यांनीही अहमदनगरला फरारबाई आणि पुण्याला मिचेलबाई यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, आणि ते कष्टाचे काम कमी न लेखणाऱ्या, लोकांत मिसळणाऱ्या वर्गांतून यावेत. सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी बाल भीमरावांकडून तयार करून घेतली, म्हणजे इंग्रजी मराठीच्या आधाराने शिकवले. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पाया घालणारा त्यांचा बाप प्रशिक्षित शिक्षक होता, हे आपण विसरतो.

अलीकडचे उदाहरण ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखींचे. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत वस्तीतल्याच मुलींना साधारण दोन आठवडे प्रशिक्षण दिले. त्या रोज दोन तास मागे पडलेल्या १५-२० मुलांना घेऊन बसत. ते काम इंग्रजीचे नव्हते, मुलांच्या शाळेच्या भाषेतील वाचनाचे आणि गणिताचे होते. पण पुढे अर्थतज्ज्ञांनी तपासले तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले आणि सर्वांत मागे असलेल्यांना जास्त लाभ झाला होता.

हे आपल्याला जड आहे का? भारतीय बौद्ध महासभा शिबिरे घेऊन बौद्धाचार्य तयार करते. विधी नीट व्हावा म्हणून आपण प्रशिक्षण मागतो, मग लेकरू नीट वाचावे म्हणून का मागू नये? १४ एप्रिलला डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यातला थोडा जरी बाजूला काढला, तरी या मुलींना वर्षभर मानधन देता येईल. फुकट राबवून घेऊ नका. आपल्या पोरी कॉलेजची फी भरायला धडपडत आहेत.

आमच्याकडे सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. लग्न ठरले की शिकवणारी मुलगी जाते, कंपनीत काम लागले की जाते. म्हणून दरवर्षी नव्या मुली बसवाव्या लागतात आणि जुन्या मुलींपैकी एकीने तरी नव्यांना शिकवायचे, असा पायंडा आम्ही पाडला आहे. ‘मी काय शिकवणार’ म्हणणारी ती मुलगी यंदा नव्या मुलींना आवाज शिकवते आहे.

वाचक मायबापांना एवढीच विनंती. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसले तरी तुमच्या मुलाची परीक्षा तुम्ही घेऊ शकता. आज रात्री जेवण झाल्यावर त्याचे पुस्तक उघडा, अजून न शिकवलेले एखादे पान काढा आणि बोट ठेवून एक ओळ वाचायला सांगा. ओळ अडली तर रागावू नका, मारू नका. विहारात या, आणि तुमच्या वस्तीत शिकवणाऱ्या मुलीलाही सोबत आणा. जयभीम!