मन चिंती ते

मन चिंती ते वैरी न चिंती. घरी कुणाला यायला उशीर झाला की आजी हे म्हणायची. तिच्या तोंडी ती काळजीची म्हण होती. मला हल्ली तिच्यात शरीराची गोष्ट दिसते. वैऱ्याला आपल्यापर्यंत पोचायला वाट लागते, हत्यार लागतं. शिवाय त्याला झोपावं लागतं. मनाला यातलं काही लागत नाही. रिपोर्ट संध्याकाळी यायचा असतो आणि सकाळपासूनच छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, घास घशाखाली उतरत नाही. औषधांच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांनाही मळमळ होते, डोकं दुखतं. असं होऊ शकतं, हे त्यांना आधी सांगितलेलं असतं.

ज्या मनाला इतकं बिघडवता येतं, त्याला सावरताही येत असेल का? इथं मला आमच्या शेजारच्या काकू आठवतात. गुडघ्यांची झीज झालेली, वर्षभर जिना चढताना पायरीपायरीला थांबतात. ज्येष्ठात मात्र दिंडीबरोबर निघतात. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्यात पुणे ते सासवड हा एका दिवसाचा टप्पा तीस किलोमीटरच्या घरातला, वर दिवे घाटाची चढण. सासवडच्या मुक्कामी मी त्यांच्या पायांना तेल चोळलं. गुडघे सुजलेले, टाचांना भेगा, अंगठ्याजवळ फुटलेला फोड. दुखतंय का, असं विचारलं. ‘दुखतंय की. पण चालवतंय,’ एवढंच म्हणाल्या. वेदना होती, तिचा हुकूम तेवढा चालत नव्हता.

हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात असंच काहीसं पाहिलं. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांना विचारूनही वेदनाशामक नको होतं. १९४६ मध्ये त्याने ते लिहून ठेवलं. जखमेचा अर्थ त्या सैनिकांसाठी ‘जिवंत सुटलो’ असा होता, असा त्याचा तर्क. पुढे १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात दिसलं, की खोट्या औषधाने मिळालेला आराम अफूचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाने कमी होतो. म्हणजे भरवसा वाटला की शरीर स्वतःच अफूसारखं काही तयार करत असावं.

हे वाचून बरं वाटतं, आणि तिथंच धास्तीही वाटते. अर्थ लागला म्हणून सैनिकांच्या अंगातली गोळी निघाली नाही. ती शल्यवैद्यालाच काढावी लागली. काकूंची झीजही वारीने थांबलेली नाही. आणि घाटात पाय गळाल्यावर दिंडीच्या ट्रकमध्ये बसणाऱ्या बाईची ओढ काय कमी होती? मनाचं बळ मानायचं, तर ज्याचं शरीर हरलं त्याचं मनच कच्चं, असं म्हणावं लागेल. ते मला म्हणवत नाही. आणि काकूंचं चालणं नाकारताही येत नाही.

तेव्हा एवढंच सांगणं: आजारी माणसाच्या उशाशी बसाल तेव्हा ‘मन खंबीर ठेव’ म्हणू नका. आधी कुठं दुखतंय ते विचारा, आणि तो सांगेल ते खरं माना.