रात्रीची शाळा

सुटी संपवून नाशिकहून परतले की पेटी उघडण्याचे काम मी दोनतीन दिवस लांबणीवर टाकते. पेटी उघडली की प्रवास संपला हे मान्य करावे लागते. ह्या वर्षी ती उघडली तेव्हा तळाशी, माझ्या टिपणवह्यांच्या खाली, माझी नसलेली दोन इंग्रजी पुस्तके निघाली. रबरबँडने एकत्र बांधलेली, कोपरे दुमडलेली, चारपाच जणींच्या हातांतून फिरलेली. वर लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'आई, पहिला भाग भरभर वाच. दुसरा नीट वाच.'

लेक पंधरा वर्षांची आहे. ती नाशिकला तिच्या बाबांजवळ व आजीजवळ राहते. मी अभ्यागत प्राध्यापक आहे. म्हणजे एका विद्यापीठाचे बोलावणे संपत आले की दुसऱ्याचे शोधायचे, आणि अतिथिगृहातल्या खोलीला घर म्हणायला शिकेपर्यंत ती रिकामी करायची. सहा वर्षे हे चालले आहे. कायमच्या जागेसाठी अर्ज केले नाहीत असे नाही. पण ती कहाणी इथे नको.

पुस्तकांचे नाव 'व्हँपायर अकॅडमी'. लेखिका रिशेल मीड, अमेरिकन. पहिला भाग 2007 साली निघाला आणि 2010 पर्यंत एकूण सहा भाग झाले. पुढे 2014 साली त्यावर चित्रपट निघाला, 2022 साली दूरचित्रवाणी-मालिका आली. हे सारे मला मागाहून कळले. पुस्तक हाती आले तेव्हा माझ्या मनात आले ते एवढेच की, पोलिडोरीची 1819 सालची कथा, ल फानूची 'कार्मिला' आणि स्टोकरचा 1897 सालचा 'ड्रॅक्युला' ही रक्तपिपासू पिशाचांची वंशावळ वर्गात शिकवणाऱ्या बाईच्या पोटी ही वाचक जन्माला यावी! शाळकरी मुलींसाठी लिहिलेल्या पिशाचप्रेमाच्या कादंबऱ्या मी आजवर स्टेशनावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पाठमोऱ्याच पाहिल्या होत्या. ह्या तुच्छतेला फारसा आधार नव्हता, हे कबूल करते. तिच्याच वयात मी नारायण धारप पांघरुणात विजेरी घेऊन वाचले आहेत आणि पकडले गेल्यावर, भूगोलाचे पुस्तक आहे, असे धादांत खोटेही सांगितले आहे.

पहिला भाग सांगितल्याप्रमाणे भरभर वाचला. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील डोंगरात, जगापासून लपवलेली एक निवासी शाळा आहे. सेंट व्लादिमीर हे तिचे नाव. तिथे तास रात्री भरतात आणि मुले दिवसा झोपतात, कारण विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ऊन सोसत नाही. ते 'मोरोई': जन्मतात, मरतात, पंचमहाभूतांपैकी एखाद्यावर थोडी हुकमत चालवतात आणि रक्तावर जगतात, पण ते राजीखुशीने देणाऱ्या माणसांचेच घेतात. त्यांचे वैरी 'स्ट्रिगोई', म्हणजे जीव घेऊन अमर झालेले. आणि ह्या दोहोंच्या मध्ये 'धाम्पीर': अर्धे मानव, अर्धे मोरोई, अंगाने दणकट. त्यांनी शाळेत लढायला शिकायचे आणि पुढे जन्मभर एखाद्या मोरोईचे अंगरक्षक व्हायचे. 'ते आधी' हा त्यांचा मंत्र. सतरा वर्षांची रोझ धाम्पीर आहे, तिची जिवलग मैत्रीण लिसा मोरोई राजकन्या आहे. दोघी शाळेतून पळून गेल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांना पकडून परत आणले जाते, तेथून गोष्ट सुरू होते.

ही नावे वाचून माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. मोरोई आणि स्ट्रिगोई रुमानियाच्या लोकसमजुतींतले आहेत. तिथे मोरोई हे पुष्कळदा बाप्तिस्मा न होता दगावलेल्या अर्भकाचे भूत असते. आपल्याकडचा मुंजा आठवावा: संस्कार झाला आणि आयुष्य मात्र राहिले. मीडबाईंनी त्या केविलवाण्या भुताला राजवाडे दिले, घराणी दिली, दरबारी कारस्थाने दिली. धाम्पीर बाल्कन प्रदेशातला. तिकडच्या कथांत तो बहुधा पिशाचाचा मुलगा असतो आणि पिशाच ओळखण्याची व मारण्याची विद्या त्याच्या रक्तात असते. लेखिकेने त्या मुलाची मुलगी केली. तुलनात्मक धर्माभ्यासाची पदवी घेतलेल्या ह्या बाईंनी हे अजाणता केले असेल असे मला वाटत नाही. कारण मुलगी करताच एक नवा प्रश्न उभा राहतो, जो मुलाच्या बाबतीत कोणी विचारलाच नसता. त्याकडे येतेच.

त्याआधी थोडे विषयांतर. अलौकिक विद्येची शाळा आणि तिथले प्रेम ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवावी असे काही नाही. आदिपर्वातला कच शुक्राचार्यांच्या आश्रमात जातो तो संजीवनी विद्येसाठी. सहाध्यायी म्हणाल तर सगळे असुर. ते त्याला तीनदा ठार करतात. गुरुकन्या देवयानी बापापाशी हट्ट धरून दर वेळी त्याला उठवून घेते. तिसऱ्या खेपेला तर त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात गेलेली असते, आणि पोटात असतानाच विद्या शिकून, गुरूचे पोट फाडून तो बाहेर येतो व गुरूला जिवंत करतो. खाडिलकरांनी 1913 साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले, खांडेकरांच्या 'ययाति'त कच पुन्हा भेटला. मराठी वाचकाला ही शाळा परकी नाही. सेंट व्लादिमीरमध्येही संजीवनी आहेच. मोटारीच्या अपघातात लिसाचे आईबाप आणि भाऊ जातात, रोझही जाते. पण लिसा नकळत तिला परत आणते. शुक्राचार्यांच्या संजीवनीचा खर्च महाभारत फारसा मांडत नाही. मीडबाई मांडतात. लिसा जितके बरे करते तितका काळोख तिच्या मनात साचतो, आणि तो असह्य झाला की ही राजकन्या कोणाला न सांगता स्वतःच्या हातावर ब्लेड चालवते. त्या पानाशी मी पुस्तक मिटले आणि नाशिकला फोन लावला. बोलणे झाले ते गणिताच्या क्लासबद्दल.

प्रेमकथेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या प्रेमासाठीच मुली हे वाचतात. रोझचा जीव जडतो तो तिच्या शिक्षकावर, चोवीस वर्षांच्या दिमित्रीवर. एक शिक्षिका म्हणून मला हे आवडले नाही आणि लेखिकेने कितीही सावरून घेतले तरी आवडणार नाही. पण त्याच्या नकाराचे कारण मात्र वजनदार आहे. वयाचा मुद्दा तो काढतोच; खरे कारण त्यापुढचे आहे. दोघांनाही लिसाचे रक्षण करायचे आहे. संकट आले तर आपण लिसाच्या आड न येता तुझ्या आड येऊ, असे तो म्हणतो. कचाने देवयानीला दिलेल्या नकारापेक्षा हा नकार मला प्रामाणिक वाटला. एकाच पोटातून आलो म्हणून तू बहीण, ह्या युक्तिवादात मला नेहमीच थोडी पळवाट दिसत आली आहे.

दुसरा भाग, 'फ्रॉस्टबाइट', नीट वाचला. आणि चिठ्ठीचा अर्थ तिसऱ्याचौथ्या प्रकरणातच उमगला.

ह्या भागात रोझची आई येते. नाव जनीन. अंगरक्षकांत तिची मोठी कीर्ती; तिचे पराक्रम शाळेतली पोरे एकमेकांना रंगवून सांगतात. मुलगी अगदी लहान असताना तिला शाळेच्या हवाली करून ही बाई आपल्या कामावर निघून गेली. आता ती शाळेत येते, विद्यार्थ्यांपुढे आपल्या मोहिमांविषयी व्याख्यान देते, आणि मागच्या बाकावरची मुलगी सर्वांसमक्ष तिला कुत्सित प्रश्न विचारते. मला अशी व्याख्याने पुष्कळ येतात. दोन वर्षांपूर्वी मी नाशिकच्याच एका महाविद्यालयात मराठी व कन्नड कादंबरीवर बोलले होते. लेक आजीबरोबर मागे बसली होती. तिने प्रश्न विचारला नाही. भाषण संपल्यावर इतकेच म्हणाली, "तू किती छान बोलतेस गं, आई. अनोळखी माणसांशी."

पुढे सरावाच्या लढतीत जनीनचा ठोसा चुकून मुलीच्या डोळ्यावर बसतो आणि डोळा काळानिळा होतो. मग नाताळात हीच आई तिला भेट देते ती निळ्या डोळ्याच्या आकाराचे लेणे. तुर्कस्तानात त्याला 'नजर' म्हणतात. आपल्याकडे लागते तीच ही नजर. शब्द अरबीतून तिकडेही गेला आणि इकडेही आला. दृष्ट लागू नये म्हणून द्यायची वस्तू. मीठमोहऱ्या ओवाळायला जवळ नसणारी आई असे काहीतरी विकत घेऊन देते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझ्या पेटीतून दर सुटीत काय काय निघते त्याची यादी मी मनात केली.

मघाशी म्हटलेला प्रश्न तो हाच. धाम्पीरांना आपसांत मुले होत नाहीत. मोरोई पुरुषापासून होतात, आणि तो पुरुष सहसा लग्न करीत नाही. तेव्हा धाम्पीर स्त्रीपुढे वाटा दोनच. मूल शाळेत ठेवून पहाऱ्यावर जायचे. मग ती शूर, पण निष्ठुर. किंवा पहारा सोडून वस्तीत राहून मूल वाढवायचे. मग तिच्यासाठी त्या समाजात एक शिवी तयार आहे, ती मी इथे लिहीत नाही. पिशाचे काल्पनिक असतील, हा हिशेब काल्पनिक नाही. गंमत अशी की रोझचा बापही तितकाच गैरहजर असतो. पण पुढच्या भागांत तो प्रकटतो तेव्हा उंची कपडे घालून, मिश्कील बोलत येतो आणि वाचणाऱ्या पोरींना तत्काळ आवडून जातो. (पुढचे हे मी लेकीलाच विचारून घेतले.) आईला मात्र प्रत्येक इंच मिळवावा लागतो. आमच्या शेजारचे गृहस्थ बारा वर्षे आखातात नोकरीला होते. मुलांसाठी केवढे कष्ट उपसले, असे सगळी आळी म्हणते.

आणि आमच्याकडे हिरकणी आहे. रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून रात्रीच्या अंधारात कडा उतरून तान्ह्याकडे गेलेली गवळण. ही दंतकथा मला लहानपणी फार आवडे. अलीकडे एस.टी.च्या स्थानकावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसली की मी दुसरीकडे पाहते. हिरकणी दूध विकायला गडावर गेली होती, ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गडावर दूध घालायला गेलीच असणार. तिचे तान्हे त्या दिवशी कोणापाशी होते, हे दंतकथा सांगत नाही.

रोझ आणि लिसा ह्यांच्यामध्ये एक अदृश्य धागा आहे. रोझला लिसाच्या मनात शिरता येते, तिच्या डोळ्यांनी पाहता येते, तिची भीती आपल्या छातीत जाणवते. हा धागा एकेरी आहे. लिसाला रोझचे काहीच कळत नाही. मी आजवर समजत होते की आमच्या घरात रोझ मी आहे. रोज रात्री साडेनऊला फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा पाहते, केस तेल लावलेले आहेत की नाही ते पाहते, सर्दी आवाजावरून ओळखते. दोन पुस्तके वाचून झाल्यावर ध्यानात आले की मी काय वाचीन, कुठे थांबेन, कोणत्या प्रकरणाशी मला घाम फुटेल, हे सगळे पेटी भरतानाच जाणणारी व्यक्ती मी नव्हते.

ह्या विद्यापीठाने मला आणखी दोन वर्षे राहण्याविषयी विचारले आहे. पत्र टेबलावर आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. पुस्तक संपले त्या रात्री मी तिला फोनवर आधी पुस्तकाविषयीच सांगितले. लोकसमजुतींची उलटापालट, कचदेवयानी, रक्षकवर्गाचे अर्थकारण. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, पेपर नको वाचूस. जनीन आवडली का?"

"तिचा राग आला," मी म्हटले. "मग वाईट वाटले."

"मलापण तसंच. त्याच क्रमानं."

मग मी तिला पत्राचे सांगितले. बराच वेळ पलीकडून आजीच्या मालिकेचा आवाज तेवढा येत होता.

"तिसरा भाग वर्गातल्या मुलीकडे आहे," शेवटी ती म्हणाली. "त्यात तिची आई अगदी शेवटी येते. लढाई सुरू झाल्यावर." आणि थोड्या वेळाने, "पण येते. पाठवू का पोस्टाने?"

"पाठव," मी म्हटले.