कळसूबाईच्या शिड्या

वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तेथे माझा बालमित्र लेथवर काम करी. कारखाना बंद पडला आणि तो अबोल झाला. पस्तिशीच्या माणसाची समजूत घालणे कठीण! मी त्याला कळसूबाईला नेले. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत अधिक. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे बारी गाव. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. तेथे माझे पाय लटपटू लागले. तो पुढे होता. प्रत्येक सांधा हाताने चाचपून त्याने वरून हाक दिली, "मास्तर, चढ! काम पक्कं आहे." माथ्यावरून भंडारदऱ्याचे पाणी चमकताना दिसले. डबा उघडला आणि तो बोलू लागला. लेथविषयीच, पण थांबेचना.