मनीचा उपवास

मांजराचे दांत दुखतात, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं. कुत्रें विव्हळतें, गाय वैरण टाकते. मांजर मात्र आपलें दुखणें लपवून ठेवतें. ज्या प्राण्यास एकट्यानेंच शिकार करून जगावयाचें व मोठ्या जनावरांपासून जीव जपावयाचा, त्यास दुबळेपणा दाखवून कसें चालावें? म्हणून मांजर अन्न सोडतें, तेव्हां दुखणें बहुधा जुनें झालेलें असतें. सायवनास आमच्या घरीं अकरा वर्षें वावरणारी मनी मान वांकडी करून एकाच बाजूनें चावूं लागली, मधूनच घांस टाकूं लागली आणि तिच्या तोंडास दुर्गंधी येऊं लागली. पशुवैद्यांनीं ओठ वर करून पाहिलें, तों दाढांवर तपकिरी कीटण चढलेलें व हिरड्या लालभडक झालेल्या. दांत साफ केले पाहिजेत, त्यासाठीं पूर्ण भूल द्यावी लागेल आणि ही सोय मुंबईस होईल, असें त्यांनीं सांगितलें.

एकत्र कुटुंबांत अशा गोष्टीचा निर्णय एकट्यानें होत नाहीं, व होऊंहि नये. आमच्या काकूंनीं रोखठोक विचारलें, "अरे, या मुलखांत माणसाची दाढ दुखली तर लवंग धरून दिवस काढतात, आणि तुम्ही मांजर घेऊन मुंबई गांठणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. भोवतालच्या वारली पाड्यांतून दांतासाठीं डहाणूस जावयाचें, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. आम्हांस उत्तर सुचलें तें इतकेंच कीं, मनीची दाढ तशीच ठेवल्यानें पाड्यावरील कोणाची दाढ बरी होत नाहीं; आणि जिला आपण घरांत आणून दूधभाताची संवय लावली, तिच्या दुखण्याचा भार आपणच उचलला पाहिजे. पाड्याचें ऋण निराळें आहे व तें यानें फिटत नाहीं, हेंहि आम्हीं काकूंस सांगितलें. त्या गप्प राहिल्या. पण पटलें असें म्हणाल्या नाहींत.

दादांची शंका भुलेविषयीं होती. एवढ्या वयाच्या मांजरास ती सोसेल काय? ही भीति आमच्याहि मनांत होती. पशुवैद्यांनीं समजावून सांगितलें कीं, मांजरास तीस दांत असतात. त्यांवर दिसणारें कीटण खरवडणें हें केवळ वरवरचें काम. खरा रोग हिरडीखालीं असतो, आणि जागें मांजर तेथें हत्यार लावूं देत नाहीं. कित्येक मांजरांचे दांत मुळाशीं आंतूनच झिजून विरघळतात. तें क्ष-किरण चित्रावांचून कळत नाहीं. शिवाय भूल देतांना श्वासनलिकेंत नळी घालतात, म्हणून यंत्राचें पाणी व घाण फुप्फुसांत उतरत नाहीं. उतारवयांतील मांजरांस मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदां असतो, यास्तव आधीं रक्त तपासून घेतात. मनीचें रक्त तपासलें, तें ठीक निघालें, तेव्हां दादांनीं होकार दिला. भुलेचा प्रसार जगांत झाला तोहि एका दंतवैद्याच्या हातून, ही गोष्ट त्यांस मोठी मौजेची वाटली. १८४६ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथील रुग्णालयांत विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें ईथर हुंगवून शस्त्रक्रिया निर्वेध होऊं दिली. आपल्या मुंबईसहि परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे.

पुढें तयारी. दोन आठवडे आधीं मनीची पेटी माजघरांत उघडी ठेविली, आंत काकूंच्या जुन्या लुगड्याची घडी घातली आणि तिचा खाऊ तेथेंच देऊं लागलों. जी पेटी केवळ दवाखान्याच्या दिवशीं माळ्यावरून उतरते, ती पाहतांच मांजर पळ काढतें. रोजच्या पेटींत तें आपण होऊन निजतें.

खरी कसोटी उपवासाची. आदल्या रात्रीं दहानंतर अन्न बंद. पाणी सकाळपर्यंत चालेल, अशी आज्ञा होती. पोटांत अन्न असल्यास भुलेंत उलटी होऊन ती फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. (लहान पिलूं किंवा मधुमेही मांजर असेल तर इतका उपवास घातक, पशुवैद्यांसच विचारावें.) आमचे उपवास साबुदाण्याच्या खिचडीनें साजरे होतात, हा तसा नव्हे. शिवाय एकत्र घरांत दूध घालणारे हात दहा, आणि प्रत्येकास वाटतें कीं अजून कोणी घातलेंच नसेल. तेव्हां पुतण्यानें स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लाविली, "मनीचा आज उपवास आहे, कोणीहि कांहींहि देऊं नये." उंदीरपाल गवसूं नये म्हणून तिला रात्रीं खोलींत कोंडलें. पहांटे तिच्या आक्रोशानें घर जागें झालें. पण दार कोणीं उघडलें नाहीं.

चारोटी नाक्यावरून महामार्गानें, पेटीवर कापड घालून, आम्ही मुंबईस गेलों. भुलेच्या संमतिपत्रावर सही करतांना हात जड झाला, हें खरें. दोन दाढा काढाव्या लागल्या. सायंकाळीं मनी डुलत डुलत शुद्धीवर आली. घरीं तिला उबेंत, जमिनीवरच ठेवून मऊ अन्न दिलें. मांजर दिवसभर जेवलें नाहीं तर पशुवैद्यांस कळवावें, कारण उपाशी मांजराचें यकृत लवकर बिघडतें. माणसाची वेदनाशामक गोळी मुळींच देऊं नये. पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक आहे. लवंगेचें तेलहि त्यास विषच.

तिसऱ्या दिवशीं मनी दोन्ही बाजूंनीं चावूं लागली. तें पाहून काकू म्हणाल्या, "आतां गड्याच्या बायकोला घेऊन डहाणूस चला. तिची दाढ पावसाळ्यापासून ठणकते आहे, आणि ती मनीसारखीच बोलत नाहीं." पुढच्या सोमवारीं काकू स्वतः तिच्याबरोबर गेल्या, आणि त्या दिवसाची मजुरीहि त्यांनींच दिली.