गारगोटीची भिंत आणि झरोका

कोल्हापूर

चि. बंडू,

तुझे पत्र व छायाचित्र पावले. डब्लिनहून जाऊन न्यूग्रेंजचा जो ‘पांढरा किल्ला’ तू पाहून आलास, तो किल्ला नसून थडगे आहे. आणि ज्या भिंतीपुढे तू ऐटीत उभा आहेस, ती फार तर तुझ्या आईच्या वयाची असेल.

बॉइन नदीच्या काठी, इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० या काळी, म्हणजे मोहेंजोदडोचे नगर नांदू लागण्याच्या कित्येक शतके आधी, ज्यांच्यापाशी धातूचे एकही हत्यार नव्हते अशा शेतकऱ्यांनी सुमारे ८५ मीटर व्यासाची ही टेकडी रचली, पायथ्याशी ९७ प्रचंड शिळांचे कडे घातले आणि आत १९ मीटरांचा अरुंद बोळ नेऊन त्याच्या शेवटी दालन बांधले. दालनाचे छत चुन्यावाचून, शिळांचा एकेक थर आत सरकवीत मिटवलेले आहे. बोळाच्या छतावरील फटींत जळकी माती लिंपून, पाणी निथळावे म्हणून शिळांवर पन्हळी कोरल्या, त्यामुळे पाच हजार वर्षांच्या पावसानंतरही आत कोरडे राहते. (आपल्या वाड्याच्या पत्र्यांची दर ज्येष्ठात काय अवस्था होते, ते तू जाणतोसच.) त्या जळक्या मातीतल्या कोळशानेच पुढे थडग्याच्या वयाची साक्ष दिली.

१६९९ साली चार्ल्स कॅम्बेल नावाच्या जमीनदाराने दगड काढण्यासाठी मजूर लावले, तेव्हा बोळाचे तोंड उघडे पडले. पुढे १९६२ पासून कॉर्कचे प्राध्यापक ओ’केली यांनी उत्खनन केले. दारापुढे गारगोट्यांचा दाट थर सापडला. हा दगड दक्षिणेकडच्या विक्लो पर्वतातून आणलेला. तो ढासळलेल्या भिंतीचा अवशेष असावा असा निष्कर्ष काढून त्यांनी काँक्रीटच्या आधाराने ती भिंत पुन्हा उभी केली. तो थर फरसबंदीचाच असावा, असे म्हणणारे विद्वान आजही आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. इतकी सरळ, उंच भिंत निव्वळ दगडांच्या बळावर उभी राहिली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

परंतु त्याच ओ’केलींचे एक ऋण मोठे आहे. दाराच्या वर त्यांना एक दगडी झरोका गवसला. वर्षातल्या एका दिवशी सूर्य थडग्याच्या अंतर्भागी येतो, अशी त्या मुलखातली जुनी वदंता होती. तिची शहानिशा करावी म्हणून २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते अंधारात एकटेच जाऊन बसले. सूर्य उगवला, झरोक्यातून प्रकाशाची बारीक रेघ शिरली, बोळातून सरपटत, रुंदावत दालनापर्यंत पोहोचली, आणि सुमारे सतरा मिनिटांनी विझली. दार शिळेने बंद असले, तरी झरोक्यातून ऊन आत येऊ शके. मृतांच्या दग्ध अस्थी जिथे ठेवल्या, तिथे उत्तरायणाच्या आरंभी ऊन यावे, हीच बांधणाऱ्यांची तजवीज.

लहानपणी अंबाबाईच्या किरणोत्सवात महाद्वारातून आलेली मावळतीची तिरीप देवीच्या चरणांवर पोहोचते का, हे पाहायला तू माझ्या खांद्यावर बसला होतास. म्हणून तुझ्या छायाचित्रात दार आहे, पण त्याच्या वरचा झरोका तू चौकटीबाहेर टाकलास, याचे मला नवल वाटले.

उत्तरायणारंभाच्या त्या पहाटेसाठी चिठ्ठ्या टाकून मोजक्या माणसांना आत सोडतात. तुझा अर्ज जाऊ दे. आणि नाव निघाले, तर तारेपेक्षाही त्वरेने कळव.

तुझा,
मामा