गेलेल्या विजेची पुण्याई

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, कंटेनर जागच्या जागी होते. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारे संगणकच आंधळे झाले होते. ‘नॉटपेट्या’ हा घातकी प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि डेन्मार्कच्या या कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला. (कर भरण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरने बंदर बंद पाडावे, यातली गंमत करसल्लागारांना अधिक कळेल.) कंपनीतल्या कोणाला कोणत्या संगणकात प्रवेश आहे, याची जणू मुख्य नोंदवही सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांशी ताळमेळ ठेवत. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील, हे त्या हिशेबात नव्हते. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथले इंटरनेट इतके संथ की माहिती ब्रिटनला पाठवायला दिवस लागले असते, आणि तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती सहकाऱ्याच्या हातात दिली आणि सहकारी लंडनला पोचला. पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने सांगितलेले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे.

बॅकअपविषयी माझे म्हणणे याच घटनेवर उभे आहे. मर्स्ककडे प्रतींची कमतरता नव्हती; कमतरता होती ती तुटलेपणाची. मूळ माहितीशी कायम जोडलेली प्रत ही प्रत नसून त्याच माहितीची सावली असते. पुण्यात वारजेतल्या छोट्या कार्यालयांत अशा सावल्या सर्रास दिसतात. टॅलीचा बॅकअप ‘डी’ ड्राइव्हमध्ये, पण ‘सी’ आणि ‘डी’ एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे. कुठे एक्सटर्नल डिस्क असते, पण ती यूएसबीला बारा महिने लटकलेली. खंडणीखोर प्रोग्राम आला की मुळाबरोबर तिलाही कुलूप ठोकतो. सर्व्हरमध्ये एकमेकींचे प्रतिबिंब असणाऱ्या दोन डिस्क असतील तर त्या एक डिस्क मेली तरच कामाच्या. चुकून खोडलेले व्हाउचर दोन्हींतून त्याच क्षणी जाते.

“आमचे सगळे क्लाउडवर आहे,” हे उत्तर मला निम्मेच पटते. जागेचा प्रश्न क्लाउड सोडवतो, आणि मुठेच्या काठी तो लहान नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पाणी याच नदीने शहरात आले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गाने एकतानगरीतल्या घरांत शिरले. दुकान वारजेत आणि प्रत वारजेतल्याच घरी, हे अंतर पुरेसे नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग चौथ्या मजल्यावर लागली होती. पण क्लाउडही बहुधा ताळमेळच ठेवतो. गूगल फोटोजमध्ये साठवलेला फोटो फोनवरच्या त्याच अ‍ॅपमधून खोडला की तिकडूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस, मग कायमचा. फाइलच्या जुन्या आवृत्त्या पुरेसा काळ राखणारी सेवा घेतली असेल तर गोष्ट वेगळी. ती घेतली आहे का, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

खर्चाचा आक्षेप फारसा टिकत नाही. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यापुढे दोन डिस्कची किंमत किरकोळ आहे. खरा आक्षेप वेगळाच: तुटलेली प्रत शिळी होते, कारण ती जोडायला माणूस लागतो आणि माणूस विसरतो. हे खरे आहे. घानाची प्रतही वीज गेली त्या क्षणापर्यंतचीच होती, तरी तिच्यासाठी माणसे विमानाने धावली. प्रश्न एवढाच की किती दिवसांची बिले पुन्हा टाइप करायची तुमची तयारी आहे. आठवड्याची असेल, तर दोन डिस्क आलटून पालटून दर शनिवारी जोडाव्यात, काम झाले की काढाव्यात आणि एक साताऱ्याला बहिणीकडे असावी. कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबवह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. पण ठेवलेली प्रत उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर चार व्हाउचर काढून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मी सर्वांत जास्त चालढकल याच कामात पाहतो. डिस्क चोरीला गेली तर, म्हणून तिला पासवर्ड हवा, हेही रास्त. फक्त तो पासवर्ड त्याच संगणकातल्या एक्सेल फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो.