फ्लॉप होण्याचा हक्क

गेल्या वर्षभरात आम्ही तीन सिनेमे पाहिले आणि एक भांडण केलं. सिनेमांबद्दल आधी सांगतो, कारण भांडण त्यातूनच निघालं.

पहिला अनंत महादेवन यांचा 'फुले'. ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला तो येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला लावले आणि सिनेमा आला २५ एप्रिलला. दौंडहून शटलने हडपसरला जाऊन आम्ही तो पाहिला. प्रतीक गांधींनी जोतीराव मनापासून केलेत, पण पत्रलेखांची सावित्री आम्हाला जास्त भावली. सिनेमा मात्र शाळेतल्या धड्यासारखा चालतो. एक प्रसंग संपला, दुसरा घ्या. आपला विषय आहे म्हणून आपण दहा मार्क वाढवून देतो. आम्ही पाचच दिले. ज्यांनी शब्द कापले त्यांचा निषेध वेगळा आणि सिनेमाचं परीक्षण वेगळं.

दुसरा 'धडक २'. मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमल' या तमिळ सिनेमाचा हा हिंदी अवतार, दिग्दर्शक शाझिया इक्बाल. लॉ कॉलेजात शिकणारा दलित पोरगा आणि त्याच्या वाट्याला येणारा अपमान. सिद्धांत चतुर्वेदीने मेहनत घेतली आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचा चेहरा काळवंडून घ्यायची काय गरज होती? आमच्या एका घरात सहा माणसं आहेत आणि सहा रंग आहेत. दलित म्हणजे सावळा, हा हिशेब कुणी घालून दिला? आणि तसाच रंग हवा होता तर त्या रंगाचा नट मिळत नव्हता का?

तिसरा नीरज घेवान यांचा 'होमबाउंड'. तो आम्ही शिरूरच्या खोलीवर, टीव्हीला लॅपटॉप जोडून, सातआठ जणांनी मिळून पाहिला. चंदन आणि शोएब, पोलीस भरतीची वाट पाहणारे दोन मित्र. चंदन दलित आहे, पण फॉर्म भरताना जात लपवून ओपनमधून भरतो. तिथे खोलीतली कुजबुज थांबली. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, पहाटे रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं आम्ही लहानपणापासून पाहतो. त्यातल्या कुणीही हा फॉर्म भरलेला असू शकतो. लॉकडाऊनमधली ती पायपीटही आम्हाला नवी नाही. रांजणगाव एमआयडीसीतून बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली माणसं आम्ही नगर रस्त्यावर पाहिली आहेत. विशाल जेठवाने चंदन असा केला आहे की सिनेमा संपल्यावर चहा करायलाही कुणी उठेना. या सिनेमाला मार्क वाढवून द्यावे लागले नाहीत.

'होमबाउंड'मध्ये शोएब झालाय ईशान खट्टर. सुधा भारती नावाची, शिक्षणाचा ध्यास घेतलेली दलित मुलगी झाली आहे जान्हवी कपूर. काम छोटं आहे, पण तिने चांगलं केलंय. आमची भाची, बारामतीला शेवटच्या वर्षाला असलेली, सगळं शांतपणे पाहत होती. ती म्हणाली, "मामा, हे दोघं म्हणजे पहिल्या 'धडक'मधलेच ना? मग 'सैराट'वाले कुठायत?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला झोप लागू दिली नाही त्याने.

'धडक' हा 'सैराट'चाच हिंदी रिमेक. 'सैराट'चा कणा जातीचा होता, 'धडक'ने तो हळूच काढून घेतला आणि गाणी ठेवली. तो सिनेमा २०१८ चा. त्यानंतरच्या सात वर्षांत ईशान आणि जान्हवी यांना काय काय मिळालं ते बघा. ईशानचा 'फोन भूत' चालला नाही, जान्हवीचे 'मिली' आणि 'उलझ' चालले नाहीत. काही बिघडलं नाही. पुढचा सिनेमा तयारच होता. असं पडत, उठत, शिकत ती दोघं 'होमबाउंड'पर्यंत पोचली आणि तिथे त्यांनी खरोखर चांगलं काम केलं. आमचा त्यांच्यावर राग नाही. उलट, माणसाला चुका करायला वेळ मिळाला तर तो किती सुधारतो, याचा हा पुरावाच आहे.

आता दुसरी बाजू. रिंकू राजगुरू अकलूजची. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला, त्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला होता. पुढचा मराठी सिनेमा 'कागर' यायला २०१९ उजाडलं. २०२१ मध्ये '२०० हल्ला हो'. नागपूरच्या वस्तीतल्या बायांनी भर कोर्टात गुंडाला संपवलं, त्या घटनेवरचा. त्यात ती किती ताकदीची आहे ते दिसलं, पण तो ओटीटीवर आला आणि आपल्यातल्याही निम्म्यांनी पाहिला नाही. पुढे 'झुंड', 'झिम्मा २'. आकाश ठोसरचंही तसंच: 'एफयू', 'लस्ट स्टोरीज'मधली एक गोष्ट, 'झुंड', 'घर बंदूक बिर्याणी'. दोघं संपलेली नाहीत, काम करताहेत. पण एवढा मोठा सिनेमा देऊनही प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात.

त्याच्याही आधीचा सोमनाथ अवघडे. दौंड जंक्शनवरून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. भिगवण जातं, मग जेऊर, नागराज मंजुळेंचं गाव. पुढे केम, ते सोमनाथचं गाव. आपल्याच रुळावरचा पोरगा. 'फँड्री'तल्या जब्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी त्याने भिरकावलेला दगड अजून आपल्या प्रत्येक भाषणात येतो. पण त्या पोराला पुढे काय काम मिळालं, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? २०२१ मध्ये त्याचा 'फ्री हिट दणका' आला. आम्ही स्वतः तेव्हा तो पाहायला गेलो नाही, हे इथे कबूल करतो. 'झुंड'मधल्या अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं, आम्ही स्टेटस ठेवलं आणि मोकळे झालो.

कुणी म्हणेल, छाया कदम आहेत की. आहेत, आणि अभिमान आहे. 'फँड्री'तल्या जब्याची आई ते २०२४ चे 'लापता लेडीज' आणि 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट', दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत त्या टिकल्या म्हणून आपल्याला दिसल्या. जे टिकू शकले नाहीत ते दिसत नाहीत, म्हणून त्यांची मोजदादही होत नाही.

इथे कुणाची जात विचारत बसायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की पडल्यावर खाली काय आहे? कुणाच्या खाली गादी असते, कुणाच्या खाली फरशी. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी. दलित बाई. 'विगतकुमारन'मध्ये तिने नायर स्त्रीचं काम केलं म्हणून प्रेक्षकांनी दगडफेक केली, तिचं घर जाळलं, तिला गाव सोडावं लागलं. एका सिनेमात कारकीर्द संपली. आज घर जाळत नाहीत. आज फोन येत नाही.

आमचीही एक अभिनयाची कारकीर्द आहे. आठवीत असताना, दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या जयंतीत, चवदार तळ्याच्या नाटकात आम्ही पाणी अडवणारा सनातनी झालो होतो. ऐन संवादात शेंडी सुटून खाली पडली. लोक इतके हसले की बाबासाहेबांचं काम करणारा पोरगा वाक्य विसरला. पुढे कॉलेजात, पुण्याच्या एका एकांकिका स्पर्धेत आम्हाला गड्याचं काम मिळालं. तीन वाक्यं, तिन्हींत 'जी मालक'. दिग्दर्शक म्हणाला, "तुझी भाषा एकदम ओरिजिनल आहे." दुसऱ्या वर्षी वकिलाचं काम मागितलं, तर म्हणाला, "ते तुझ्यावर बसणार नाही." मग एका मालिकेत गर्दीत उभे राहिलो. दोनदा अंत्ययात्रेत, एकदा मोर्चात. मोर्चात आम्ही फार खरे वाटलो म्हणे. सराव होता ना!

तिसऱ्या महिन्यात पुण्यातल्या खोलीचं भाडं थकलं. वडील गँगमन होते, त्याच वर्षी रिटायर झाले. आम्ही रांजणगावला कंत्राटी काम धरलं, शिरूरला खोली घेतली. नट म्हणून आम्ही बरे होतो की वाईट, हे आजपर्यंत कळलेलं नाही. ते कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा आम्हाला मिळालाच नाही.

आता भांडण. भाचीची दोन वर्षांच्या अभिनयाच्या कोर्ससाठी निवड झाली आहे. आमची बहीण म्हणाली, "दादा, तुझं ऐकते ती. तू तिला समजाव. बी.एड. करू दे." तिचं चुकत नाही. ती केडगावला राहते. जवळच चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्या रोज पाहते. आपल्याच जिल्ह्यातल्या विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले, हेही तिला माहीत आहे. कलेवर टाळ्या पडतात, पण घर चालत नाही, हे आपल्या बायांनी पिढ्यान्पिढ्या सोसलंय.

तरी आम्ही भाचीला समजावलं नाही. जयंतीच्या बैठकीत उठलो आणि म्हणालो, यंदा डीजे एक रात्र कमी करा. त्या पैशात आपल्या पोरांपैकी एकाचं दोन वर्षांचं खोलीभाडं निघेल. यंदा भाची, पुढच्या वर्षी दुसरं कुणी. मग ते नाटक असो, कॅमेरा असो नाहीतर एडिटिंग.

बैठक तापली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, नाचा म्हणून नाही." आम्ही त्यांना एवढंच आठवण करून दिलं. बाबासाहेब १९१६ ला लंडनला गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परतले. तिथेच थांबले असते तर? स्वतः साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेनांकडचं कर्ज, या बळावर १९२० ला पुन्हा गेले आणि डी.एस्सी. मिळवली. बुद्धी १९१७ मध्येही तीच होती. दुसऱ्या खेपेला पैसा उभा राहिला, हा फरक. अर्धवट राहिलेलं पुन्हा उचलता येणं ही चैन नाही, तो हक्क आहे. आरक्षण दारातून आत घेतं, पण आत गेल्यावर अडखळलेल्याला सावरायची व्यवस्था आपणच उभी करायची आहे.

आणखी एकजण म्हणाला, "पोरगी फेल गेली तर पैसे पाण्यात." आम्ही म्हणालो, जातील. जाऊ द्या. डीजेचे तर दरवर्षी हवेत जातात, त्याचा हिशेब कुणी मागितलाय?

ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर आम्ही अकरा जणांनी महिना पाचशे काढायला सुरुवात केली आहे. दौंडचे सहा, शिरूरचे पाच. कमी आहेत, पण पहिलं भाडं भरलं. बहीण आमच्याशी नीट बोलत नाही. तिची भीती आम्ही खोटी ठरवू शकू की नाही, हेही आज सांगता येत नाही.

मित्रहो, दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला जाता, तेव्हा रस्त्याकडेला गाणारी, डफ वाजवणारी पोरं बघता ना? टाळी वाजवून पुढे जाऊ नका. त्यांना विचारा, पुढे काय करायचंय आणि त्याला किती दिवस लागतील. सोमनाथचा, रिंकूचा, अंकुशचा नवा सिनेमा आला तर पहिल्या आठवड्यात तिकीट काढा, आणि आवडला नाही तर तसं सांगा. मार्क वाढवून देऊ नका. त्यांनाही एखादा वाईट सिनेमा करू द्या, आणि त्यानंतरचा आणखी एक.

भाचीला आम्ही एवढंच सांगितलं, "दोन वर्षं तुझी. पडलीस तरी हिशेब मागणार नाही. फक्त 'जी मालक' म्हणायची वेळ आली, तर आधी विचार, दुसरी वाक्यं आहेत का?"

जयभीम!